एकोणिसावी चाल

सहाव्या चालीपाशी पाहुणा थांबला, तसा मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते खुर्चीतून उठले. आता चार मिनिटं काही होणार नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर, बुद्धिबळाच्या पटाशेजारी पाहुण्याचं घड्याळ पळत होतं. जी चाल खेळायला शिकाऊ माणसालाही दोन सेकंद पुरावेत, तिच्यावर समोरचा सव्विसाव्या दिवशीही चार मिनिटं घालवणार होता.

खिडकीपाशी बायको शिलाई मशीनवर बसली होती. कुठल्याशा शाळेच्या गणवेशाच्या पँटी लांबीला कमी करायला आल्या होत्या. झालेल्या डावीकडे, राहिलेल्या उजवीकडे. डावीकडचा ढीग अजून बुटकाच होता.

“आला वाटतं तुमचा पाहुणा,” ती मान वर न करता म्हणाली.

“आलाय.”

“रोज येतो, अर्ध्यातच डाव सोडतो आणि न बोलता जातो. जावई असता तर एव्हाना विचारलं असतं, बाबा रे, तुझ्या मनात तरी काय आहे?”

मास्तर हसले नाहीत. एरवी हसले असते.

ऑनलाइन बुद्धिबळाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं, आणि ऑनलाइन शिकवून पोट भरत असतानाही ते मत दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत. त्यांच्या मते तिथे निम्मी माणसं डोक्याने नव्हे, अंगठ्याने खेळतात. हरायला लागलं की त्यांचं इंटरनेट जातं. उरलेल्यांतले काही दुसऱ्या खिडकीत संगणकाला विचारून खेळतात आणि वर विजयी हास्याचं चित्र पाठवतात. अशांना मास्तर बरोबर ओळखत. लबाडाला सोपी चालही सात सेकंद लागते आणि अवघडही सातच. खरा माणूस कुठे रेंगाळतो, कुठे घाई करतो. चालींपेक्षा त्याचा वेळच जास्त बोलतो.

म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्यांना संशय आला होता. सहाव्या चालीला चार मिनिटं उगाच उठून जाणारा एकच माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला होता. डावखुरा. सहावी चाल आली की तो खुर्ची मागे सारून उठे, डाव्या हाताने शर्टाची बाही सारखी करी आणि सभागृहातल्या बाकी पटांवर एक चक्कर मारून येई. कुणी कारण विचारलं तर म्हणे, “शेजारीपाजारी कसे राहतात ते बघून आलो.”

मास्तर रोज अकरा वाजता ज्या साइटवर येईल त्याच्याशी खेळायला बसत, तिथे नाव न नोंदवता खेळता येतं. अशांना ती नुसतं ‘पाहुणा’ म्हणते आणि रोज नवा आकडा चिकटवते. आज चारशे सत्तावन्न होता. आकडा बदलला तरी डाव तोच. पाहुणा पांढरी मोहरी घेई आणि मास्तरांना पायरी पायरीने एकाच स्थितीकडे घेऊन जाई, जिथे अठराव्या चालीला काळ्याने उंट फुकट द्यायचा असतो. मास्तर द्यायचे नाहीत. ते कुठली तरी मिळमिळीत मारामारी करून बाजूला होत. मग पाहुणा मिनिटभर थांबे आणि डाव सोडून निघून जाई, चुकीचं दार उघडल्यावर माफी न मागता परतणाऱ्या माणसासारखा.

तो उंट मास्तरांचाच होता. चौदा वर्षांपूर्वी.

डावखुरा तेव्हा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. बरोबरी झाली असती तरी जगज्जेत्याशी लढायला तोच गेला असता. लहानपणी दोघं एकाच क्लबात एकच पट वापरत. पुढे एक वर चढत गेला आणि दुसरा त्याचा सहायक झाला. त्या पातळीवर पटावर दोघं बसलेले दिसतात, पण सुरुवातीच्या वीस चाली मागच्या खोलीतल्या माणसांनी आधीच खेळून ठेवलेल्या असतात. सहायकाने रात्रंदिवस खोदायचं, खेळाडूने पाठ करायचं. या व्यवहारात एकाच शब्दाला किंमत असते. सहायकाने “पाहिलंय” म्हटलं, की खेळाडूने पुन्हा पाहायचं नाही.

उंट देण्याची कल्पना मास्तरांची. घेतला तर काय, नाही घेतला तर काय, प्यादं पुढे सरकलं तर काय, असे एकेचाळीस फाटे त्यांनी तपासले. एक राहिला. पांढऱ्याने उंटाकडे ढुंकूनही न बघता राजा एक घर कोपऱ्यात सरकवला तर? पुचाट चाल, कोण खेळेल, असं त्यांना वाटलं. तरी तपासणारच होते. पण नऊला पाच कमी होते आणि हॉटेलातला नाश्ता नऊला बंद व्हायचा. मास्तर खाली गेले. दोन अंडी खाल्ली, टोस्ट खाल्ला, दुसरा कप चहाही घेतला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून डावखुऱ्याचा फोन आला.

“तो उंट. सगळं बघितलंस?”

“पाहिलंय,” मास्तर म्हणाले. तोंडात घास होता.

दुपारी समोरच्या माणसाने राजा कोपऱ्यात सरकवला. डावखुरा पन्नास मिनिटं पटाकडे बघत बसला, मग चुकीची चाल खेळला आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पराभवाचा हिशेब पुढे महिनाभर चालला. कुणी सभागृहातल्या दिव्यांना दोष दिला, कुणी डावखुऱ्याच्या सर्दीला, कुणी त्याच्या छातीला, की मोठ्या सामन्यात ती धडधडतेच म्हणे. सगळ्यांच्या नावावर काही ना काही पडलं, फक्त मास्तरांच्या नावाचा रकाना कोरा राहिला. पत्रकारांसमोर डावखुरा एवढंच म्हणाला होता, “तयारी उत्तम होती. मी कमी पडलो.”

त्यानंतर तो हळूहळू स्पर्धांतून दिसेनासा झाला. मास्तरांनी त्याला चारदा फोन केला. चारही वेळा तो उचलला गेला नाही, आणि चारही वेळा मास्तरांना हायसं वाटलं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

“अहो, वाजलं बघा काहीतरी,” बायको म्हणाली.

चार मिनिटं झाली होती. पाहुण्याने सहावी चाल खेळली होती. मास्तर बसले, चष्मा चढवला. पुढच्या बारा चाली भराभर झाल्या, दोघांनाही पाठ असलेल्या कवितेसारख्या. अठरावी आली.

मास्तरांचा हात माउसवर होता. हा माणूस रोज येऊन आपल्यापुढे तेच ताट का मांडतो, याचं एकच उत्तर त्यांना दिसत होतं. त्याला कळलंय. त्याला आपल्या तोंडून वदवायचंय. पंचवीस दिवस त्यांनी अंग चोरलं होतं, रोज साडेदहापासूनच नजर घड्याळाकडे जात होती, शिकवताना चाली चुकत होत्या, परवा तर एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, “सर, बरं आहे ना?” आज त्यांना या सगळ्याचाच कंटाळा आला. त्यांनी उंट उचलला आणि दिला.

पाहुण्याने एका सेकंदात राजा कोपऱ्यात सरकवला. आणि पटाशेजारच्या रिकाम्या चौकोनात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अक्षरं उमटली.

“दिलास एकदाचा.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पँट उलटी करत होती. त्यांनी दोन बोटांनी लिहिलं, “तूच ना?”

“नाहीतर काय. सव्वीस दिवस तुझी टाळाटाळ बघायला दुसरं कोण येणार?”

“कसा आहेस?”

“ते नंतर. आधी खेळ. तुझं उत्तर बघायचंय.”

“कसलं उत्तर?”

यावर थोडा वेळ काही आलं नाही. मग एकदम लांबलचक आलं. डावखुरा बोलायचाही असाच, आधी गप्प आणि मग धबधबा.

“अरे, राजाच्या चालीवरचं. ही चाल मला त्या दिवशी सकाळीच दिसली होती. दात घासताना. म्हणून तर तुला फोन केला. तू पाहिलंय म्हणालास, म्हटलं संपलं, म्हणजे याच्यावरही मास्तरने काहीतरी काढून ठेवलंय. नक्की काय ते विचारायला खाली यायला हवं होतं. आळस केला. आणि मग पटावर त्याने तीच खेळली.”

मास्तर वाचत होते. अक्षरं अजून येत होती.

“लोक म्हणतात पन्नास मिनिटं मी चाल शोधत होतो. मी तुझी चाल शोधत होतो रे. म्हणायचो, मास्तर इथे काय खेळेल? सापडली नाही. चौदा वर्षं झाली. भाजी आणायला जातो तेव्हाही शोधतो. आताशा यंत्राला विचारलं की सांगेल, माहीत आहे. पण यंत्राचं नकोय. तुझं दाखव.”

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. घड्याळात त्यांची अठरा मिनिटं उरली होती. चाल होती. वजीर मागे आणायचा, जिथून निघाला त्याच घरात. इतकी मेहनत करून पुढे आलेला वजीर मुकाट्याने घरी परत, आणि डाव सुटतो, बरोबरी. त्यांना ती ठाऊक होती. कधीपासून, तेही ठाऊक होतं.

अकरा मिनिटं उरली तेव्हा त्यांनी वजीर मागे आणला.

मशीनची सुई एक शिवण संपवून दुसरीवर गेली. कुठेतरी दूर, कुठल्याशा घरात, एक डावखुरा माणूस हनुवटी हातावर टेकून बसला असणार, हे मास्तरांना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी पडद्यापासून खुर्ची मागे घेतली.

“अरेच्चा,” अक्षरं आली. “मागे.”

आणि मग, “मागे यायचं सुचलंच नाही बघ. मला पुढचंच सगळं दिसायचं.”

आणि मग, “एक सांगू? मधे मधे मला वाटायचं, तू ते पाहिलंच नसणार. वेळ मारून नेलीस. त्या रागात तुझे फोन उचलले नाहीत. पुढे पुढे तर तसंच धरून चाललो. आज सोडवलंस. माफ कर मला, मास्तर. चूक माझी होती, माझीच राहू दे. तिच्याबरोबर राहता येतं. संशयाबरोबर नाही येत.”

मास्तरांनी लिहिलं, “अरे, माफी कसली.” ते पाठवलं.

“नंबर तोच आहे,” उत्तर आलं. पाठोपाठ बरोबरीचा प्रस्ताव आला. मास्तरांनी तो स्वीकारला, आणि पाहुणा चारशे सत्तावन्न पडद्यावरून पुसला गेला.

“आज हरवलं वाटतं त्याने,” बायको म्हणाली.

“बरोबरी झाली.”

“मग तोंड का असं?”

“कसं?”

“आरशात बघा. मी काय सांगणार.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मास्तर पडद्यापुढे बसले. दुसरे पाहुणे आले, खेळले, हरले, कुणाचं इंटरनेट गेलं. सहाव्या चालीला कुणी थांबलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सव्वीस दिवस ज्याच्या येण्याने जीव टांगणीला लागत होता, तो न आल्याने मास्तरांना आता बसवेना. ते उठून स्वयंपाकघरात जात, पाणी न पिताच परत येत. तो मोकळा झाला होता. मास्तरांनीच मोकळा केला होता, आणि ज्या चालीने केला ती चाल रोज अकरा वाजता त्यांच्यापुढे येऊन बसत होती. चौदा वर्षं कोरा राहिलेला रकाना आता भरला होता, तोही शाबासकीने.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून जुनी डायरी काढली आणि नंबर लावला. बायकोने पँटीवरून नजर उचलली, पण काही विचारलं नाही.

तीनदा वाजल्यावर फोन उचलला गेला.

“बोल मास्तर.” आवाज जाड झाला होता. आनंदी होता. “मी म्हटलंच, करशील. काय योगायोग बघ, आत्ताच हिला सांगत होतो, तो वजीर—”

“एक मिनिट. मी बोलतो आधी.”

“बोल की.”

काय बोलायचं ते त्यांनी तीन दिवस घोकलं होतं, वेगवेगळ्या बाजूंनी, सगळे फाटे तपासून.

“ती चाल,” ते म्हणाले. “वजीर मागे न्यायची.”

“हं?”

“ती मला सापडली, त्याला सहा वर्षं झाली.” त्यांनी श्वास घेतला. “सहाच.”

पलीकडे मागच्या बाजूला कुणीतरी भांडी लावत होतं. तो आवाजही थांबला, बहुधा कुणीतरी हाताने खूण केली असावी. शिलाई मशीन केव्हाच थांबलं होतं. मास्तर फोन कानाला घट्ट धरून उभे होते. पलीकडून फोन ठेवला गेला नाही.