मागून हाक

आमच्या यांनी दर्यावरून निवृत्ती घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात मोटारसायकल घेतली. वय वर्षं बासष्ट. दर्पणनं, आमच्या मुलानं, होडी हातात घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आता हे घरी बसून जाळी सांधतील आणि माझं डोकं खातील. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

"हंसा, तुला वाणगावला न्यायची, ठमीकडं," हे म्हणाले. ठमी माझी धाकटी बहीण. "चाळीस वर्सं मी दर्यात गेलो, तुला किनाऱ्यावर ठेवली. आता जाईन तिथं तू संगती."

आमच्या घरची बाई होडीत चढत नाही. तिची जागा वाळूवर. होडी निघाली की मागून हाक मारायची नाही, हे सासूबाईंनी लग्नानंतर आठवड्याच्या आत शिकवलं होतं. चाळीस वर्षं मी तोंड मिटून उभी राहिले. राहिलेलं सगळं तू घरात बोलून काढलंस, असं यांचं म्हणणं आहे.

"आदी शिका, मग बगू," मी म्हणाले. खरं तर मला मुळीच बसायचं नव्हतं.

शिकवणी भरती-ओहोटी बघून चालायची. ओहोटीला आमच्या नवापूरच्या किनाऱ्याची वाळू घट्ट होते, तिथे दर्पण शिकवायचा. गाडी चालू करणं, गिअर टाकणं दोन दिवसांत जमलं. इंजिनाशी यांची जुनी ओळख. अडचण ब्रेकची. होडीला ब्रेक नसतो. हे लांबूनच इंजिन मंद करायचे आणि गाडी आपली आपण किनाऱ्याला लागेल म्हणून निवांत बसायचे. ती लागायचीही, बहुतेक माझ्या कुंपणाला. शिवाय उतरल्यावर गाडी अंगणातल्या माडाला दोरानं बांधायचे.

"भरतीला व्हावून जाईल काय?" मी विचारलं.

"सवय हाय," म्हणाले.

तरी परीक्षा पास झाले. गावात पेढे वाटले. लग्नातसुद्धा इतका तोरा नव्हता.

आणि आठवड्यातच शेजारच्या गोदूबाईचा कुत्रा आडवा आला. होडीचं सुकाणू डावीकडे लोटलं की होडीचं तोंड उजवीकडे वळतं. घाबरल्याबरोबर यांचे हात होडीवर असल्यासारखे फिरले. कुत्रा वाचला कसाबसा, पण हे गाडीसकट गोदूबाईनं बांबूच्या वलांडीवर वाळत टाकलेल्या बोंबलांत शिरले.

"कमलाकांतदादा, मासे दर्यात धरायचे, माज्या वलांडीवर नाय!" गोदूबाई ओरडली. सगळी आळी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी यांनी गाडीवर जुनं जाळं टाकलं आणि आठ दिवस तिला हात लावला नाही. दर्पणला म्हणाले, इकून टाक. जेवताना मान खाली. मला फार वाईट वाटलं. गाडी घेतली माझ्यासाठी, आणि मी एकदाही मागे बसले नव्हते.

"गुडगा दुकतो?" मी विचारलं.

"नाय." भाताचे दोन घास खाऊन झाल्यावर म्हणाले, "होडीवर मी मागं ऱ्हायचो, सुकाणूवर. पुडं आपला खलाशी चिंतू उबा. खडक आला, कुनाची जाळी आली, वरडून सांगायचा. गाडीवर सांगायला कोन नाय. एकट्याला भ्या वाटतं."

चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. मी उठले, गाडीवरचं जाळं ओढलं, माडाचा दोर सोडला.

"चला ठमीकडं."

अंबाड्यावर हेल्मेट बसेना. गजरा काढून पिशवीत टाकला, ठमीसाठी घेतलेले सुके बोंबील मांडीवर घेतले आणि बसले एकदाची. गोदूबाईनं कुत्रा आधीच आत बांधला होता. पहिल्याच वळणावर समोरून टेम्पो आला. माझे ओठ घट्ट मिटलेले. टेम्पो कोपराला घासून गेला म्हणायचा.

"अगं, बोल ना!" हे ओरडले.

"मागून हाक कशी मारू?"

"ही काय होडी हाय? मार!"

मग मी सुरू झाले. "डावीकडं! खड्डा! रिक्षा येतेय! ब्रेक! अवो, ब्रेक म्हनते ना!" बोईसरला कंपनीच्या बसमधले कामगार खिडकीतून बघून हसले. हसू देत. यांचे खांदे सैल झालेले मला मागून दिसत होते, आणि माझा घसा असा मोकळा कधी झाला नव्हता.

वाणगावच्या अलीकडे रस्ता सरळ आणि रिकामा लागला. सांगण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा चाळीस वर्षं वाळूवर उभी राहून गिळलेलं माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"अवो, सांबाळून जा! लवकर घरी या!"

यांनी गाडी हळू केली. मग मान न वळवता म्हणाले, "अगं, तू हायेस की संगती."