खाकी कोपरा

पुस्तक उचललं तसे त्यातून कागदाचे कोपरे गळाले, पांढरे, तिरपे फाडलेले, नखाएवढाले, आणि नुकत्याच सारवलेल्या पडवीत पसरले. या बाईला शंभरदा सांगून झालं होतं, कागदाचा कोपरा फाडू नये. विजेचं बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, हाताला लागेल त्याचा कोपरा फाडायचा आणि वाचलेल्या पानात खूण म्हणून खोचायचा... मास्तराची लेक ना. मास्तराच्या घरात मेल्याजित्याचा विधिनिषेध कुठला. धोंडीबाई गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि एकेक कोपरा वेचू लागली. वेचताना तिला बरं वाटत होतं. सून चुकली की तिला बरं वाटायचं. हे ती कुणापाशी बोलली नसती, पण स्वतःशी नाकारतही नव्हती.

सून, योगिनी, टेकाडावर गेली होती. धसईच्या पुढं डोंगराच्या पोटात असलेल्या या पाड्यात फोन लागत नाही, तो लागतो टेकाडावर. लेक धनेश हायवेवरच्या गोदामात खोकी चिकटवतो, शनिवारी घरी येतो. त्याच्याशी बोलायला ही रोज दुपारी भांडी पालथी घातली की फोन छातीशी धरून चढते, जशी काय देवाला निघाली.

वेचलेले कोपरे धोंडीबाईनं पुस्तकात कुठंही कोंबले. शोधू दे पानं. कोंबताना एक पान उघडलं. त्यात उधळलेला घोडा, वर वाकून बसलेला माणूस, आणि पानाच्या बेचक्यात एक कोपरा न गळता तसाच राहिलेला, खाकी. तिनं पुस्तक मिटलं आणि वालाचं टोपलं मांडीवर ओढलं.

पुस्तक अमेरिकेचं. एम.ए. होऊन झालं, आता आणखी कसल्याशा परीक्षेचा पेपर होता म्हणे. भात कापणीला आलेलं, झोडणी तोंडावर, आणि ही अमेरिकेत रेल्वे कधी आली ते घोकत होती. घोकायची तेही मोठ्यानं, म्हणजे लक्षात राहतं. धोंडीबाई तिच्याकडे पाठ करून वाल सोलत बसायची आणि एक अक्षर सोडायची नाही. कालवा खणला तेव्हा काठाकाठानं तोफा मांडल्या. एकीचा आवाज ऐकून दुसरी, दुसरीचा ऐकून तिसरी, आणि शेकडो मैलांवरच्या गावाला दीड तासात कळलं की पाणी सुटलं. मग त्या घोडेस्वारांची डाक, दीड वर्ष जिवावर उदार होऊन धावली, आणि तारेचे खांब उभे राहिले तशी दोन दिवसांत बंद. मग फोन. एका तारेवर दहा-दहा घरं, एकीची घंटी वाजली की बाकीच्या बायका गुपचूप कानाला लावून ऐकायच्या.

"म्हंजे आपल्या पाणवठ्यावानीच," धोंडीबाई न वळता म्हणाली होती. "त्यासाठी तार कशाला घालायची?"

योगिनी हसली होती. हसताना तिचा खालचा ओठ दुमडतो. त्या दिवशी तिच्या बापाला मरून दहा दिवस झाले होते.

...म्हणजे, धोंडीबाईच्या हिशेबानं झाले होते.

पाकीट आलं तेव्हा घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. डाकवाल्यानं ते ओट्यावर टाकलं आणि मोटरसायकल चालू ठेवूनच तो वळला. धोंडीबाईनं पाहिलं, कोपरा फाटलेला. दुसरीतून शाळा सुटली ती सुटली. तिला कागद वाचता येत नाही, पण गावं येतात, एस.टी.च्या पाट्यांवरून शिकलेली. मुरबाड, म्हसा, कसारा... गाडी लांबून दिसली की पाटी तिच्या डोळ्यांत आधी भरते. पाकिटावर शिक्का होता आणि शिक्क्यात 'शहापूर' होतं. शहापूरला योगिनीचं माहेर. कोपरा फाटलेला कागद मेलेल्याची बातमी आणतो. तो घरात न्यायचा नसतो, अंगणातच फाडायचा आणि आंघोळ करायची. फोन का नाही केला, असं तिच्या मनात क्षणभर आलं खरं. पण फोन जित्या नात्यात करतात. गोजर मास्तर, तिचा बाप, लग्नात आला नव्हता; लेक आपल्यातल्या घरात गेली नाही, पळून गेली, ती आम्हाला मेली, असं म्हणाला होता. सहा वर्षं एक शब्द नाही. असल्या माणसाच्या घरून असाच कागद यायचा.

तिनं त्याचे चार तुकडे केले, ओहोळात सोडले, लुगड्यानिशी डोक्यावरून गार पाणी घेतलं. आणि संध्याकाळी सून आली तेव्हा सांगितलं नाही.

सांगणार होती. झोडणी झाल्यावर, भात कणगीत पडल्यावर. हे तिनं एकटीनं शोधून काढलं नव्हतं. तिचं लग्न होऊन दुसरंच वर्ष, आवणीचे दिवस, गुडघाभर चिखलात ओणवी... घरी तिच्या माहेरून कार्ड आलं होतं, कोपरा फाटलेलं. सासूनं ते वाड्यातल्या गुरांच्या छपराला खोचून ठेवलं. अकरा दिवस. शेवटच्या खाचरातली शेवटची मूठ लावून झाली, धोंडीबाई हातपाय धुऊन आली, जेवली, आणि मग सासू म्हणाली, "भाकर खाल्लीस ना? आता रड. तुझी आय गेली." आणि रडू आलं नव्हतं. अकरा दिवस मागे जाऊन रडायचं कसं? त्या अकरा दिवसांत मी गाणी म्हटली होती, लावणी करताना बायका म्हणतात ती, आणि माझाच आवाज सगळ्यांत वर होता.

म्हणून तिला या तीन आठवड्यांत काय झालं ते सांगणं अवघड आहे. पहिल्या दिवशी तिला सुनेची कीव आली, असं ती शपथेवर म्हणू शकली असती. तिसऱ्या दिवशी, लेकीला बापाचं सुतक तीन दिवस असतं त्या तिसऱ्या दिवशी, तिनं स्वतः सुकट परतली, स्वतः वाढली, आणि योगिनी बोटं चाटून म्हणाली, "आई, तुमच्या हातची सुकट म्हणजे..." तेव्हा पोटातून काहीतरी वर चढलं ती कीव नव्हती. ते गोड होतं. ही एवढी शिकलेली, अमेरिकेत तार कुठल्या साली आली ते हिला ठाऊक, आणि आपला बाप आहे की गेला ते ठाऊक नाही. ते मला ठाऊक. साऱ्या अमेरिकेनं डोंगर फोडले, तोफा मांडल्या, घोडे मारले, का, तर बातमी लवकर पोचावी... पण बातमी पोचवणारा मोठा, असं कुणी सांगितलं? पोचवणारा नोकर. थांबवणारा धनी.

फाटकाची कडी वाजली.

योगिनी पायऱ्या चढून आली ती थेट खांबाला टेकली. धाप लागली होती. पण चेहरा धापेचा नव्हता.

"काय गो?"

"बाबांचा फोन आला होता."

वाल सोलायचं टोपलं धोंडीबाईच्या मांडीवर होतं. एक शेंग तिच्या हातात होती. ती तिनं सोलली, दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं.

"कोणाचे बाबा?"

"माझे." योगिनीचा खालचा ओठ दुमडला, पण हसण्यासाठी नाही. "सहा वर्षांनी, आई. पहिलं वाक्य काय, तर तू मुलाखतीला का नाही गेलीस. शहापूरच्या कॉलेजात इतिहासाची जागा होती, मी अर्ज केला होता. तिथल्या कुणीतरी त्यांना विचारलं, मास्तर, तुमच्या मुलीचं नाव यादीत पहिलं होतं, आली का नाही? ते म्हणाले, ऐकून मला वाटलं, या पोरीला नावं ठेवायचा अधिकारच मी गमावून बसलोय..." ती थांबली. "मी लगेच कॉलेजात फोन लावला. पत्र तीन आठवड्यांपूर्वी पाठवलं म्हणाले. मुलाखती झाल्या. माणूसही घेतला."

वर कौलात पाल चुकचुकली. मास्तर जिवंत होता. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी... थंड पाण्याची ती आंघोळ, ओहोळाच्या काठी ओल्या लुगड्यात उभं राहणं, आणि हे तर तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, तिथं उभ्या उभ्या तिला आलेलं रडू. मास्तरासाठी कशाला येईल? पन्नास वर्षं छपराला खोचून राहिलेलं ते रडू होतं. वाट सापडली म्हणून आलं होतं. आता तेही खोटं ठरलं. कुणी मेलंच नव्हतं.

"कसला कागद होता तो?" आपला आवाज तिला दुसऱ्याच घरातून आल्यासारखा वाटला.

"खाकी पाकीट. अर्जाबरोबर आपणच द्यायचं असतं, आपला पत्ता लिहून, तिकीट लावून. त्यातच ते पत्र घालून पाठवतात. घरात एकच उरलं होतं, तेच दिलं."

पुस्तक दोघींच्या मध्ये पडलं होतं. धोंडीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मिटलेल्या पानांतून, घोडेस्वाराच्या पानातून, खाकी टोक बाहेर आलं होतं, तिरपं, नखाएवढं. तिला त्या फाटलेल्या कडेची दुसरी बाजू आठवली. ओहोळात सोडताना ती तिच्या अंगठ्याखाली होती. दोन्ही बाजू जुळवल्या असत्या तर केसभर फट राहिली नसती.

"आई, त्या आठवड्यात तुम्ही घरीच होतात ना? डाकवाला आला होता का?"

'नाय' हा शब्द किती लहान असतो. तो जिभेवर येऊन बसला. कुणी पाहिलं नव्हतं, तुकडे पार नदीला लागले असतील, धनेश आईवर शब्द येऊ देणार नाही. पण खोटं बोलायचं म्हणजे या पोरीला भ्यायचं. आपली सासू भ्याली नव्हती. तिनं भाकरीनंतर का होईना, डोळ्यांत पाहून सांगितलं होतं... आणि तेव्हा, त्या म्हातारीच्या डोळ्यांत काय होतं ते धोंडीबाईला आज, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा कळलं. तिथं काहीच नव्हतं. शेंग हातात धरून बसलेल्या बाईच्या डोळ्यांत असतं तेवढंच.

तिनं टोपलं खाली ठेवलं. पुस्तकातून तो खाकी कोपरा ओढून काढला आणि सुनेच्या पायाशी टाकला. लग्नाला सहा वर्षं झाली, या पोरीला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती.

"आला होता," ती म्हणाली. "फाटक्या कोपऱ्याचा कागद माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाय. आपल्या हातानं आपला कागद मेलेला करून धाडलास तू, योगिनी. मी नुसतं त्याचं सुतक पाळलं."