छान केलंत, काकू

व्यायामशाळेत तिला सगळे हवालदारीण म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण तिला ते आवडायचं. सकाळी सहाची तुकडी तिच्याकडे होती. लोक हौसेने नाव घालतात, आठवडाभर नवे बूट मिरवतात आणि मग जे गायब होतात ते होतातच, हे तिने बारा वर्षं पाहिलं होतं. गोड बोलून माणूस टिकत नाही, अशी तिची पक्की खात्री. कुणाला कशाचा राग येतो ते आधी हुडकायचं आणि रोज नेमकं तिथेच बोट ठेवायचं. राग आला की झोप उडते, झोप उडाली की माणूस येतो. संपलं!

काकूंची दुखरी जागा पहिल्याच दिवशी सापडली. काकू सत्तरीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. त्यांचा मुलगा धोशा लावून बसला होता की हे घर विकू, तू आमच्या मागच्या खोलीत राहा. "सहा महिन्यांत कुणाचा हात न धरता तीन मजले चढून दाखवीन, नाहीतर खुशाल वीक," असं काकू त्याला बोलून बसल्या होत्या. तोवर त्याच तुकडीत येणाऱ्या शेजारणीचा खांदा धरून, मजल्यामजल्यावर टेकत जाणं-येणं चाललं होतं.

"मागच्या खोलीला खिडकी तरी आहे का हो?" काकू लाकडी पाटावर चढ-उतार करू लागल्या की हवालदारीण विचारायची. "नाही, दहा जमत नसतील तर पडदे आत्ताच शिवायला टाका."

"तुझी जीभ झडो, मेले!" काकू म्हणायच्या आणि वीस काढायच्या.

पाच महिन्यांत एक खाडा नाही. दोघींचं आतून प्रेमबिम होतं असं कुणी समजू नका. काकूंना ती खरोखर डोळ्यांसमोर नको असायची, आणि हिलाही काकूंचा ताठा सहन होत नसे. पण गुडघा सुधारत होता.

मग घोळ घातला मालकाने. एक बाई त्याच्यासमोर येऊन रडली, हवालदारीण मला पोतं म्हणते म्हणून. म्हणत होतीच ती. मालकाने फर्मान काढलं: यापुढे प्रत्येकाला रोज एक तरी कौतुकाचा शब्द. आणखी एक तक्रार आली की तुम्हाला नमस्कार.

सोमवारी काकूंनी न थांबता साठ वेळा चढ-उतार केली. मालक मागे हाताची घडी घालून उभा. हवालदारणीने घसा खाकरला.

"छान केलंत, काकू. आता आराम करा हं."

काकूंनी टॉवेल उचलला आणि शेजारणीची वाटही न बघता निघून गेल्या. मंगळवारी आल्या नाहीत, बुधवारीही नाही. फोन उचलेनात. शनिवारी शेजारीण म्हणाली, "त्यांनी मुलाला घर विकायला होकार दिलाय. आज दहाला तो गिऱ्हाईक घेऊन येतोय."

हवालदारणीचं डोकंच सटकलं. पाच महिन्यांची मेहनत, आणि ही बाई आता माती खाणार? दहाला ती काकूंच्या इमारतीखाली उभी होती. वर गेली नाही. अंगणातूनच तिने तोंड सोडलं.

"काकू! नोकरीतही असंच अर्धवट टाकून पळायचात का? म्हणूनच लोकांची पत्रं पोचायची नाहीत!"

खिडक्या उघडल्या. मुलगा आणि गिऱ्हाईक वरच्या दारातून डोकावले, पण त्यांना बाजूला सारून काकूच बाहेर पडल्या, हातात काठी घेऊन. एक मजला, दुसरा, तिसरा उतरून तिच्यासमोर येऊन ठाकल्या. मुलगा "आई, अगं आई" करत मागोमाग.

"अडतीस वर्षं!" काकूंनी काठी आपटली. "एक पत्र चुकलं नाही माझ्या हातून!"

"मग पळालात का?"

"तूच सांगितलंस ना, आराम करा म्हणून! आमच्या ह्यांना डॉक्टर रोज फैलावर घ्यायचे. बिडी ओढता, ऐकत नाही, मरायचंय का म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात एकदम गोड झाले. छान आहे, आराम करा, हवं ते खा. मी काय ते तेव्हाच समजले." काकूंचा आवाज फुटला. "तूही माझी आशा सोडलीस, असं वाटलं मला."

चुकलं हो काकू, असं हवालदारणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"तोंडाला एवढा दम आहे तर पायांत का नाही? चढा बघू. नाहीतर पडदे शिवायला टाका!"

"तू बघच, भवाने!"

पहिला मजला रागाच्या भरात गेला. दुसऱ्यावर गुडघा लटपटायला लागला. मुलाने पुढे केलेल्या हातावर काठीचा फटका बसला. तो हवालदारणीवर उखडला. "वयाचा काही मान? माझ्या आईशी असं बोलायची तुमची हिंमत कशी होते?" तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, ती पायऱ्या मोजत होती. गिऱ्हाईक भिंतीला चिकटून वाट देत होतं. काकूंनी शेवटची पायरी चढून उंबरठा गाठला आणि चौकट धरून कितीतरी वेळ नुसता श्वास घेतला.

"घर बघून झालं असेल," त्या मुलाला म्हणाल्या, "तर ह्यांना खाली सोडून ये." आणि दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

मुलाने खिशातून फोन काढला. "आत्ताच्या आत्ता तुमच्या मालकाला सांगतो मी."

"सांगा की," हवालदारीण म्हणाली. "नंबर देते, घ्या लिहून."