कोऱ्या कागदावरच्या एकतीस सह्या

चंद्रकलाच्या सासूचं, रुखमाबाईचं, मनगट मोडलं ते नळावर. गावात नवी नळयोजना आली खरी, पण पाणी सुटायचं अकराला. तेव्हा धानाच्या रोवणीच्या साऱ्या बाया आसगावकडच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, चिखलात वाकलेल्या. घरी उरायची म्हातारी माणसं. मग सत्तरीच्या बाईनं पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलायचा आणि घसरून पडायचं!

चंद्रकलाच्या टोळीत एकतीस बाया. रोज संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून उद्या कुणाची बांधी, किती वाजता निघायचं, ते ठरायचं. कालच आलेल्या सुनेलाही विचारल्याशिवाय कुणी उठत नसे. चौथी शिकलेल्या बायांना सगळ्यांना विचारून वेळ ठरवणं जमतं, ते नळयोजनेच्या साहेबाला जमू नये, याचा तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी काम थांबवून ती सगळ्यांना घेऊन ग्रामपंचायतीत गेली.

"साहेब, पानी सकाळी पाचले सोडा."

नळयोजनेचे साहेब हसले. "बाई, अकराची वेळ तुम्हीच मागितली. लोकसहभागातून." त्यांनी ठराव दाखवला. खाली एकतीस सह्या, पहिली तिची.

तिला आठवलं. मागच्या रोवणीत हेच साहेब वाटेत जीप घेऊन उभे होते. बिस्किटाचा पुडा हातावर ठेवून म्हणाले, "हजेरी आहे." कागद कोरा होता. "करा ओ बायाहो," असं तीच म्हणाली होती. तिच्या शब्दावर साऱ्यांनी सह्या केल्या. स्वतःचीच लाज वाटून तिचा आवाज चढला.

"पुडा खाल्ला आमी. पर वेळ कवा इचारली तुमी?"

"पुढच्या वर्षी बघू. आज सभेच्या सह्या तेवढ्या करा." पुन्हा कोरा कागद!

पुढच्या वर्षी म्हणजे म्हातारीचं दुसरं मनगट मोडल्यावर? चंद्रकलानं पेन ओढून घेतला, 'सकाळी पाच' लिहायला टेकवला, तोच टोळीतली सगळ्यात लहान सून मोना चाचरत म्हणाली, "काकू, पाचले माहं लेकरू उठते. साडेपाच नाई चालत का?"

चंद्रकला थांबली. मग ऑफिसातच खाली बसली. तिच्यामागं साऱ्या बाया बसल्या, फरशीभर चिखल झाला. एकेकीला विचारणं सुरू झालं. कुणाला गुरं होती, कुणाला डबा करायचा होता. साहेब घड्याळ बघत राहिले, कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. शेवटी साडेपाच ठरलं.

तिनं ते वर ठसठशीत लिहिलं. खाली एकतीस सह्या झाल्या. साहेब कागद उचलायला गेले, तिनं त्यावर हात ठेवला.

"आता तुमची सही करा, साहेब. पर आमच्यासारखी नोका करू. वाचून करा."