समुद्रात धुतलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. चिंचवड गावात एका अंगणाच्या मधोमध उभी असते. हे सांगत असताना माझ्या मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी बसली आहे. कोंबडी थोरल्या भावाची, सीट धाकट्याच्या वाट्याची. तिला हाकलायचं कोणी, हा तंटा अजून मिटलेला नाही.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला आले, खडकीच्या एका गोऱ्या साहेबाकडे राबले, साहेब गेला तशी एका वकिलाच्या दारात पडून राहिले. पुढे सन चोपन्नच्या सुमारास पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उठला आणि दौलतराव व सोपानराव या भावांची एकत्रातली जमीन त्यात गेली. आलेल्या पैशातून दोघांनी मला घेतलं. मला घ्यायचं, यावर त्यांचं एकमत होतं. कशासाठी, यावर नव्हतं.

धाकट्या सोपानरावाला मला चिंचवड स्टेशनापासून आळंदीपर्यंत भाड्यानं चालवायचं होतं. शेत गेलेलं, पोरं लहान, पोटापाण्याचा दुसरा उद्योग नाही. थोरल्या दौलतरावाला मात्र हवा खायची होती. नांगर सुटल्यापासून त्याचे हात रिकामे होते, ते माझ्या स्टेअरिंगवर येऊन विसावले. भाड्याचा परवाना हाती येईपर्यंत त्याला रोखणारं कोणी नव्हतं. त्यानं मला घाट उतरवून कोकणात समुद्राकाठी नेलं आणि त्याला ते व्यसनच लागलं. एका अंगाला माडांच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला पाणी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो मला बैलगाडीच्या चालीनं चालवी आणि वळण आलं की जीभ टाळ्याला लावून 'टच् टच्' करी. मी काही बैल नव्हे, पण बरं वाटायचं.

सोपानरावाला बरं वाटत नसे. आपल्या अर्ध्या मोटारीची झीज डोळ्यांनी पाहायला तो दर खेपेला यायचा आणि समुद्राकडे पाठ करून बसायचा.

"दादा, म्हस रवंथ करती तशी मोटार चालवतुयास."

"घाई आसंल त्यानं उतरून चालावं."

"दोघं बी गप ऱ्हावा," मांडीवर भाकरीचं गाठोडं धरून बसलेली यशोदाबाई म्हणायची. ती दौलतरावाची बायको. "घरी भांडायला जागा कमी पडली म्हनून हितवर आलाया व्हय?"

परवाना आता येणार, असं कळलं तेव्हा दौलतरावानं शेवटची फेरी काढली. त्या वर्षीचा बैलपोळा त्यानं रिकाम्या गोठ्याकडे बघत काढला होता, कारण जमिनीमागोमाग बैलही विकले गेले होते. तो सल त्या दिवशी वर आला. ओहोटीनं वाळू टणक झाली होती. त्यानं मला थेट लाटांत नेलं, धोतर खोचलं आणि पवनेच्या डोहात बैल धुवावा तशी मला धुवायला लागला. पेंढ्याच्या बोळ्यानं पाठ घासली, पोटाखाली पाणी मारलं, बॉनेटवर थाप देऊन म्हणाला, "हो राजा, हो."

यशोदाबाईनं बोट बुडवून चाखलं. "अवो, लई खारट हाय. मिठाचं पानी तव्यावर ऱ्हायलं तर सकाळी तवा तांबडा व्हतो. ही तर सगळी लोखंडाचीच."

दौलतरावाचा हात थांबला. मी शपथेवर सांगते, थांबला होता. तेवढ्यात सोपानराव बोलला, "वैनी बराबर बोलत्यात."

झालं! धाकटा हो म्हणाला की थोरल्यानं नाही म्हणायचं, हा त्या घरचा नेम. "तुला काय कळतंय रं? समिंदराच्या आंगुळीनं पुन्य लागतंय," असं म्हणून त्यानं माझं बॉनेट उघडलं आणि आतही बादली ओतली.

रस्त्यावर आल्यावर शेजारच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर दिसली. थोड्या घागरी ओतल्या असत्या तरी माझं भागलं असतं. वाडीवाल्यानं आपणहून दोर पुढे केला.

"ज्यानं खारवली त्यानं धुवावी," सोपानराव म्हणाला.

"ज्याला भाडं खायचंय त्यानं वढावी घागर," दौलतराव म्हणाला.

यशोदाबाई दोराकडे निघाली, तर नवरा तिच्यावरच खेकसला, "बस मोटारीत!" वाडीवाल्यानं दोघांकडे पाहिलं आणि दोर गुंडाळून ठेवला. मी मीठ अंगावर वाळवत घाट चढले.

परवाना रखडला आणि यायला मधला पावसाळा गेला. सोपानरावानं मला झेंडूचा हार घातला, स्टेशनावर आळंदीचे उतारू भरले. गाव मागे पडायच्या आत एका वजनदार शेटजीचा पाय माझ्या गंजक्या तळातून आरपार गेला. ते बसल्या जागी माझ्याबरोबर पळू लागले. "आरं थांबव, मुडद्या!" उतारूंनी सोपानरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि धंदा उघडल्या दिवशीच बुडाला. स्वतःचा मालक व्हायला निघालेला तो माणूस, आपल्याच शेतावर उठलेल्या कारखान्यात शिफ्टला जाऊ लागला. भावाशी बोलणं त्यानं त्या दिवशी टाकलं.

मग वाटण्या झाल्या. अंगणात भिंत आली, माझ्या नाकाशी थांबली आणि माझ्या पाठीमागून पुन्हा सुरू झाली. उजवी बाजू दौलतरावाची. डावी बाजू आणि मागची सीट सोपानरावाची.

गेल्या पोळ्याला दौलतरावानं पवनेचं पाणी आणून आपली बाजू धुतली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेली घागर हळूच डाव्या बाजूवर ओतली. शिफ्टवरून आलेल्या सोपानरावाला ते ओलं दिसलं.

"माज्या बाजूला हात कुनी लावला?" तो भिंतीकडे बघून गरजला. मग त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि भावाच्या पाण्याचा थेंबन्‌थेंब दात खाऊन पुसून काढला. मडगार्डाच्या खाचेतलासुद्धा.

मित्रांनो, लोखंडाला खारं पाणी लागलं तर ते गोड्या पाण्यानं धुवावं आणि लगेच कोरडं पुसावं. मायेनं पुसा, नाहीतर रागानं पुसा, लोखंडाला दोन्ही चालतं. माझी डावी बाजू त्या दिवसापासून गंजलेली नाही.