म्हशीची पाण्याकडची बाजू

थोरल्याच्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नात थोरला खुर्चीतच बसून होता, फोटोसाठीसुद्धा उठला नाही. पाहुणे म्हणाले, आजोबा ऐटीत बसलेत. धाकट्या भावाला ठाऊक होतं की ती ऐट नव्हे. उठला की त्याला दम लागायचा. छातीचा भाता पार फाटला होता.

लग्नाची धावपळ ओसरल्यावर नातजावई भेटायला आला, तो एक मोठा खोका घेऊन. आत सुटे भाग जोडून करायचं प्लॅस्टिकचं जहाज होतं. खोक्यावर चित्र लढाऊ जहाजाचं, जिकडे बघावं तिकडे तोफा.

"आजोबा, तुम्ही जहाजावर होतात ना, म्हणून आणलं."

थोरल्याने तोंडभरून कौतुक केलं. नातजावई जिना उतरून गेल्यावर मात्र त्याने खोका धाकट्याकडे सरकवला.

"बारक्या, ह्या तोफा मी कुणावर डागू? तुझ्या वहिनीवर?"

"डागा की," वहिनी आतून म्हणाली. "नेम कधी लागलाय तुमचा?"

थोरला हसला आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला बसेपर्यंत धाकटा त्याची पाठ चोळत राहिला. मग थोरला हळूच म्हणाला, "बारक्या, ह्याची आपली म्हैस होईल का रे? एकदा बघावीशी वाटते."

म्हैस म्हणजे बंदरातली गाळ उपसणारी बोट. काळी, रुंद, बोथट तोंडाची. पोटाखालून लोखंडी बादल्यांची माळ फिरवायची आणि तळाचा चिखल वर आणायची. कागदावर तिचं काही चांगलं नाव होतं, पण बंदरात तिला म्हैसच म्हणत. थोरला तिच्या इंजिनघरात तेलवाला होता. मिसरूड फुटायच्या आत शिरला आणि केस पिकल्यावर बाहेर आला. धाकटा धक्क्यावर दोर बांधायचा आणि सोडायचा. आईबापामागे दोघांना बंदराने एकदमच कामाला घेतलं होतं. एक जागा वर उजेडात, एक खाली धुरात. कुणी कुठली घ्यायची याची चर्चा झालीच नाही. मुकादमाने विचारलं तेव्हा थोरला खालच्या जागेकडे चालायला लागला होता. म्हशीला मोडीत काढून बरीच वर्षं झाली. असल्या बोटीचा फोटो कोण काढतो?

डॉक्टरांनी वहिनीला आणि धाकट्याला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं, की आता फार लांबचा विचार करू नका. म्हणून धाकट्याने त्याच दिवशी खोका उचलला. डिंकाचा, रंगाचा वास थोरल्याच्या छातीला सोसणारा नव्हता. काम त्याने स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं.

लढाऊ जहाज सडपातळ, म्हैस अघळपघळ. त्याने करवतीच्या पात्याने जहाज नाकापासून शेपटापर्यंत उभं चिरलं आणि दोन फाकांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून त्याला पोट आणलं. टोकदार नाक छाटून बोथट केलं. तोफा खोक्यात परत टाकल्या. बॉलपेनच्या टोपणाचं धुराडं झालं. बादल्यांसाठी वहिनीने थोरल्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं साठवून दिली. एकेक गोळीची वाटी कापून साखळीत ओवली, की हुबेहूब बादल्या. जहाजाच्या दोन्ही अंगांना गोल खिडक्यांच्या रांगा होत्या. म्हशीला कसल्या खिडक्या! धाकट्याने एकूण एक भोक लांबी भरून बुजवलं आणि काचकागदाने घासून असं गुळगुळीत केलं, की बोटालाही पत्ता लागू नये.

तो रोज संध्याकाळी थोरल्याकडे जायचा. थोरला विचारायचा, "काय रे, कुठवर आली?"

"येतेय. बाळंतपण आहे का, घाई करून चालायला?"

"काही अडलं तर विचार हो."

"तुला काय विचारू? तू जन्मभर तिच्या पोटात. बाहेरून मी बघितलीय तिला, रोज. तोंडपाठ आहे मला."

"बरं बाबा, तू म्हणशील तसं," थोरला म्हणायचा आणि उशीला टेकायचा. उशा हळूहळू वाढत चालल्या होत्या. आता तो बसूनच झोपायचा.

काळा रंग वाळल्यावर धाकट्याने बोट टॉवेलात गुंडाळून नेली. डागडुजी लागली तर असावी म्हणून हत्यारांची पिशवीही घेतली. वहिनीने थोरल्याच्या मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर म्हैस आली.

थोरला पुढे वाकला. धक्क्याकडची बाजू त्याच्यापुढे होती. चढायची फळी, शिडी, पोचा पडलेला कठडा. पोचासुद्धा धाकट्याने मेणबत्तीवर गरम करून पाडला होता.

"अगं, बघ, बघ," थोरला बायकोला म्हणाला. "गोळ्यांनी मला गुण नाही दिला, पण म्हशीला दिला."

मग त्याने दोन्ही हातांनी म्हैस फिरवून पाण्याकडची बाजू पुढे घेतली. मागच्या भागावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बारक्या, खिडकी कुठाय?"

"कसली खिडकी?"

"माझी. इथं, इंजिनाच्या मागं, पाण्यापासून हातभर वर. वाडग्याएवढी."

"म्हशीला खिडकी नव्हती, दादा."

"आता मलाच शिकव. तिथं उभं राहून तर वारा घ्यायचो मी. नाहीतर खाली जगलो असतो होय?" थोरला दम खायला थांबला. "सकाळी निघताना म्हैस धक्क्यासमोर गर्रकन वळायची. वळली की ही बाजू धक्क्याकडे. तेव्हा तू दिसायचास. मी हात करायचो."

धाकटा टॉवेलाची घडी घालायला लागला.

"रोज करायचो. तू कधी केला नाहीस. मला वाटायचं, मुकादम ओरडेल म्हणून करत नसशील. पण बघत असशील."

धाकट्याला सगळं आठवलं. सुटलेल्या दोराचा फटका बसेल अशा पट्ट्यात उभं राहायचं नाही, ही धक्क्यावरची पहिली शिकवण. दोर सोडला की पाठ फिरवायची आणि पुढच्या खुंट्याकडे चालू लागायचं, तिथे दुसरी बोट खोळंबलेली असे. म्हैस वळताना त्याने कधीच पाहिली नव्हती. संध्याकाळी ती परत यायची, तेव्हा ही बाजू पाण्याकडे गेलेली असे. बघायचो की, असं म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण खिडकी त्यानेच बुजवली होती, आणि ती बुजवलेली जागा थोरल्याच्या बोटाखाली होती.

"दादा," तो म्हणाला, "मी मागं वळून बघायचोच नाही रे."

वहिनी पाण्याचा तांब्या घ्यायला म्हणून आत गेली. तांब्या तर उशाशीच होता.

"जाऊ दे," थोरला म्हणाला. "आत काळोख, हात काळा. बघितलं असतंस तरी काय दिसणार होतं तुला, कप्पाळ?" आणि मग, "पाड की भोक. पिशवी आणलीयस ना?"

धाकट्याने बारीक गिरमिट काढलं. थोरल्याने नखाने जागा दाखवली. गिरमिट गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरायला लागलं, तेव्हा थोरल्याने म्हैस दोन्ही बाजूंनी घट्ट धरली. प्लॅस्टिकचा भुसा चादरीवर पडला. थोरल्याने म्हैस उचलून भोक डोळ्याला लावलं आणि आत पाहिलं.

"अंधार आहे," तो समाधानाने म्हणाला. "बरोबर आहे."

त्यानंतर म्हैस त्याच्या उशाशी राहिली, पाण्याकडची बाजू खोलीकडे करून. धाकटा आता सकाळ-संध्याकाळ यायचा, समोरच्या खुर्चीवर बसायचा. कित्येकदा त्याला वाटे, आता तरी हात करावा. पण दोन हातांच्या अंतरावरून माणसाला कसला हात करायचा? तो थोरल्याचे पाय चेपत बसायचा.

थोरला त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी गेला. वहिनी चहा गाळत होती. धाकटा तेव्हा जिन्यात होता, वर यायला निघालेला.