लाल दोऱ्याचं शेपूट

लीलाची सह्यांची वही दुसऱ्या पानापासून सुरू व्हायची. पहिलं पान सव्वीस वर्षं कोरं होतं.

लोक नटांच्या, खेळाडूंच्या मागे वही घेऊन धावतात. लीला सह्या घ्यायची त्या तिच्यासाठी काहीतरी केलेल्यांच्या. सासूबाईंना रक्त देऊन नावही न सांगता निघालेल्या रिक्षावाल्याला तिनं जिन्यात गाठलं होतं. नवरा कमलाकर दर दिवाळीला विचारायचा, "आमची सही कधी?"

"काहीतरी करा, मग बघू."

पहिलं पान होतं मोडनिंबच्या बजाबाईचं. करमाळ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या आणि तिथून बाळंतपणाला सोलापूरला निघालेल्या लीलाची एसटी मोडनिंबजवळ बंद पडली, आणि पोटातल्या चेतनाला दुसऱ्या गाडीची वाट बघायची नव्हती. रस्त्याकडेच्या घरातून बजाबाई धावत आली, लीलाला आत घेतलं. डॉक्टर पोचले तेव्हा चेतना बजाबाईनं शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून झोपलीसुद्धा होती. डॉक्टरांनी जन्माची चिठ्ठी सही करून दिली. ती लीलानं वहीत दुसऱ्या पानावर चिकटवली. पहिलं बजाबाईसाठी ठेवलं.

मग 'यंदा जाऊ, यंदा जाऊ' करत दहा वर्षं गेली. लीला गेली तेव्हा रस्ता रुंद झाला होता आणि घराच्या जागी दुभाजकातली कण्हेर फुलली होती. बजाबाई कुठं गेली, कुणाला सांगता येईना.

चेतना मोठी होऊन सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात लागली. मोडनिंबची म्हातारी आली की ती औषधाचे थेंब नंतर घालायची, आधी एसटीचं विचारायची. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, सापडली. मोतीबिंदू काढलाय. इथंच विजापूर रोडला, बिरुदेव म्हणून पुतण्या आहे, त्याच्याकडं असते."

रविवारी मायलेकी गेल्या. लीलानं दुपटं, वही आणि नवं पेन घेतलं होतं. काळा चष्मा लावून बजाबाई पलंगावर बसली होती. चेतनाचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं.

"लई रडकी हुतीस बग. आता बोलती तरी का?"

"थांबतच नाही," लीला म्हणाली. तिनं घाईनं वही पुढं केली. "मावशी, हितं तुमची सही पाहिजे. नाहीतर अंगठा."

बजाबाईनं हात पदराखाली घेतला. "अंगठा न्हाय द्यायची मी. भावानं एकदा घेतला, हक्कसोडाच्या कागदावर. तवापासनं कुटल्याच कागदाला बोट लावत न्हाय. दवाखान्यातबी बिरुदेवनंच सही केली."

लीलानं पेनाचं टोपण लावलं. सव्वीस वर्षं ठेवलेलं पान आता कोरंच राहणार होतं. पण नको म्हणणाऱ्याकडून घ्यायची ती सही नव्हे. तिनं वही मिटली आणि दुपटं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

बजाबाईनं चष्मा वर केला. चारी कोपरे चाचपले, पुन्हा चाचपले.

"माजं शेपूट कुटं गेलं?"

"कसलं शेपूट?"

"लाल दोऱ्याचं. तीन टाकं आन् फुडं शेपूट. माज्या हातची गोदडी असली की कोपऱ्याला असतंयच. लोकं वळकायची, की ही बजीची."

लीलाला एकदम आठवलं. घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं तो लोंबता दोरा बघितला होता, 'शिवताना राहिला वाटतं' म्हणाली होती आणि कात्रीनं साफ केला होता, टाक्यांसकट. नीटनेटकेपणाचा तिला भारी अभिमान होता.

"मी कापलं हो ते, मावशी."

बजाबाई एवढी हसली की चेतनाला तिचा डोळा सांभाळावा लागला. "आगं, मास्तरीन ना तू! खोडायचीच सवय." मग तिनं उशाखालून सुईदोऱ्याची डबी काढली. "आण. आन् ती वहीबी आण. ह्येला अंगठा लागत न्हाय."

चेतनानं सुई ओवून दिली. दुपट्याच्या कोपऱ्यात तीन टाके पडले. मग पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पडले. सही होईपर्यंत लीलानं वही दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आजी," चेतना वाकून म्हणाली, "सुई दोन पानांतनं गेली. मागच्या पानावरचे डॉक्टर पण शिवले गेले."

बजाबाईनं दोरा दातानं तोडला, शेपूट लांब ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. त्या दिशी माज्या मागनंच आलं हुतं की."